चित्रातल्या किल्ल्याचा अर्थ त्याच्या पायथ्याशी शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी सांभाळून तुम्ही जलरंगात निसर्गचित्रं शिकताय. सरावासाठी युरोपातली जुनी चित्रं बघता, आणि त्यांत टेकडीवर कुठे ना कुठे मध्ययुगीन किल्ला असतोच. एके ठिकाणी तुम्ही वाचलंत की किल्ला म्हणजे सत्ता, दुसरीकडे वाचलंत की किल्ला म्हणजे नश्वरता, तिसरीकडे आत्म्याचं आश्रयस्थान. यातलं खरं कुठलं? शेवटी तुम्ही एक ओळ जोडली आहे: ‘मी माझ्या चित्रात किल्ला काढला की तो वरून चिकटवल्यासारखा दिसतो.’

माझ्या मते हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. प्रतीकांचा शब्दकोश हातात घेऊन चित्र काढायला बसलं की चिकटवल्यासारखाच किल्ला निघतो, कारण अर्थ किल्ल्यात आहे असं आपण धरून चालतो. सव्वीस वर्षं निसर्गचित्रं काढून आणि शिकवून माझं मत असं झालंय की किल्ल्याचा अर्थ किल्ल्यात नसतो. तो त्याच्या पायथ्याशी असतो: खाली कोण आहे, काय करतंय, वर जायला वाट आहे की नाही.

आधी शब्दाचं बघू, कारण मराठी माणसाची पहिली चूक तिथे होते. ‘किल्ला’ म्हटलं की आपल्याला राजगड दिसतो. अख्खा डोंगर, कड्यांना जोडून घेतलेला तट, माच्या, पाण्याची टाकी. युरोपातला कॅसल आपल्या गढीच्या जास्त जवळचा आहे. एखाद्या सरदाराचं तटबंदीचं घर. तो तिथे राहायचा, आजूबाजूच्या जमिनीचं उत्पन्न तिथे यायचं, निवाडे तिथेच व्हायचे. याला अपवाद आहेत. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८३ पासून कार्नार्व्हनसारखे किल्ले उभारले ते वेल्स ताब्यात ठेवण्यासाठी. तरीही गढी हा शब्द मनात ठेवून चित्रं बघा. गढी म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: गाव कुठलं, आणि जमीन कसतं कोण?

या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उत्तर एका प्रार्थनापुस्तकात आहे. लिम्बुर्ग बंधूंनी १४१२ ते १४१६ च्या सुमारास फ्रान्समधल्या बेरीच्या ड्यूकसाठी ते रंगवायला घेतलं. आज ते पॅरिसजवळ शांतिई इथल्या संग्रहालयात आहे. त्यात बारा महिन्यांची बारा चित्रं आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांत मागे एकेक ओळखू येणारा किल्ला किंवा राजवाडा आहे. मार्चचं पान उघडा. पान जेमतेम एकोणतीस सेंटिमीटर उंच. वर लुझिन्यानचा किल्ला, प्रत्येक बुरूज, प्रत्येक छप्पर मोजता येईल इतका नेमका. एका बुरुजाच्या वर सोनेरी पंखांचा सर्प उडतोय. ती मेल्युझीन. हा किल्ला तिनेच उभारला आणि लुझिन्यान घराणं तिच्यापासून सुरू झालं, अशी दंतकथा आहे. खाली, अगदी पुढे, एक पांढऱ्या दाढीचा शेतकरी दोन बैलांचा नांगर धरून चाललाय. मधल्या पट्ट्यात वेलींची छाटणी चालू आहे, एक मेंढपाळ कुत्रा घेऊन उभा आहे. नांगऱ्याची नजर तासावर आहे. किल्ल्याकडे कोणीच बघत नाही, बघायची गरजच नाही. तो आकाशासारखाच कायमचा आहे, असं चित्रकार सांगतोय.

इथे किल्ला म्हणजे सत्ता हे बरोबर. पण ती सत्ता बुरुजांमुळे कळते का? नांगरणारा म्हातारा पुसून टाका, किल्ला तसाच ठेवा. उरेल ते सुंदर इमारतीचं चित्र. जमीन किल्ल्याच्या मालकाची आहे हे म्हाताऱ्याच्या वाकलेल्या पाठीमुळे कळतं. मी वर्गात हे चित्र दाखवते तेव्हा मुलांना आधी तळहाताने वरचा अर्धा भाग झाकायला सांगते, मग खालचा. तुम्हीही करून बघा.

तुम्ही वाचलेला ‘आत्म्याचं आश्रयस्थान’ हा अर्थही खोटा नाही, पण त्याची जागा वेगळी आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मविचारात येशूची आई मेरी हिला बंद गढीची, अभेद्य मनोऱ्याची उपमा दिली जायची. सेंट बार्बराची तर ओळखच मनोरा. यान फान आइकच्या १४३७ च्या चित्रात ती पुढे बसली आहे आणि मागे तिचा मनोरा अजून बांधला जातोय. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१३ च्या कोरीवचित्रात घोडेस्वार मृत्यू आणि सैतान यांच्या सोबतीने दरीतून चाललाय आणि अगदी मागे, उंचावर किल्ला आहे. बरेच अभ्यासक त्याला मुक्कामाचं ठिकाण मानतात. मलाही ते पटतं, कारण दरी इतकी अरुंद आणि काळोखी आहे की वरचं कुठलंही घर मुक्काम वाटावं. म्हणजे इथेही अर्थ खालच्या वाटेने दिलाय.

तुमच्या सरावासाठी खरा उपयोगी चित्रकार सतराव्या शतकातला डच याकोब फान राउसदाल. तरुणपणी तो जर्मनीच्या हद्दीतल्या बेंटहाइमला गेला, तिथला किल्ला पाहिला आणि नंतर डझनाहून जास्त वेळा रंगवला. सर्वांत गाजलेलं चित्र १६५३ चं, डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. चित्रात किल्ला गर्द झाडीच्या मोठ्या डोंगरावर बसलाय, झाडीतून मध्येमध्ये घरांची छपरं डोकावतात. प्रत्यक्षात बेंटहाइमची टेकडी तशी बेताचीच. राउसदालने ती उचलली. सपाट मुलुखातला माणूस, जिथे चर्चचा मनोरा हीच सगळ्यात उंच गोष्ट, त्याने एका बेताच्या टेकडीला पर्वत केलं. पण कसं केलं ते बघा. किल्ला मोठा काढला नाही. किल्ला लहानच आहे. त्याने उतार लांबवला, त्यावर झाडं दाट केली, बघणाऱ्याला खाली ठेवलं. तुमच्या नजरेला तो उतार चढावा लागतो. किल्ल्याचा रुबाब त्या चढणीत आहे. विद्यार्थी नेमकं उलटं करतात. रुबाब हवा म्हणून किल्ला मोठा करतात आणि डोंगर त्याच्याखाली पाटासारखा सरकवतात.

आता पडक्या किल्ल्यांकडे येऊ, कारण तुमच्या मनातली चित्रं बहुधा तीच आहेत. ‘काळाने सगळं झिजतं’ असं त्यांच्याबद्दल सर्रास लिहिलं जातं. पण इंग्लंड-वेल्समधले अनेक किल्ले काळाने पडले नाहीत, पाडले गेले. १६४० च्या दशकातल्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढलेले किल्ले संसदेच्या पक्षाने मुद्दाम निकामी केले. कॉर्फचा किल्ला १६४६ मध्ये सुरुंगांनी उडवला, रॅग्लनची तीच गत त्याच वर्षी. चित्रांत दिसणारा तो कललेला बुरूज, ती उभी चीर बऱ्याचदा दारूगोळ्याची आहे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगडावर तोफा डागल्या आणि त्याच वर्षी नाशिककडच्या गडांच्या पायऱ्या-वाटा उडवल्या. तिथे चढताना तुटलेल्या पायऱ्यांपाशी दोर लावावा लागतो तो पावसापाण्यामुळे नव्हे.

मग शे-सव्वाशे वर्षांत त्या जखमांवर वेली चढल्या आणि लोक त्या बघायला जायला लागले. विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्याने १७७० मध्ये वाय नदीतून होडीने प्रवास केला आणि १७८२ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. कुठलं दृश्य ‘चित्रासारखं’ आहे आणि कुठलं नाही, हे तो ठिकाणागणिक सांगत जातो. टिंटर्नच्या पडक्या मठाच्या भिंतींची टोकं त्याला फार सरळ वाटली. हातोड्याने थोडी जपून फोडली तर बरं दिसेल, असं त्याने लिहिलं. हे वाचल्यावर पडकी भिंत हा नुसता ‘काळाचा महिमा’ राहत नाही. ती त्या पिढीची आवडही आहे. चित्रकाराने भग्नपणा निवडलाय, कधी वाढवलाय. म्हणून पडका किल्ला दिसला की मी पहिल्यांदा विचारते: हा कोणासाठी पडलाय? प्रवाशाच्या डोळ्यांसाठी, की खाली उभ्या असलेल्या कोणासाठी?

इंग्रज चित्रकार टर्नरने १८०० मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत वेल्समधल्या डॉलबादर्न किल्ल्याचं तैलचित्र मांडलं. एकच गोल बुरूज, डोंगराच्या खाचेत, मागून उजेड. प्रदर्शनाच्या यादीत त्याने सोबत काही ओळी छापल्या. त्यांत ओवेन या कैद्याचा उल्लेख आहे. तेराव्या शतकात ल्यूएलिन राजाने आपल्या सख्ख्या भावाला, ओवेनला, वीस वर्षांहून जास्त काळ डांबून ठेवलं, आणि परंपरेनुसार ते याच बुरुजात. चित्राच्या तळाशी, काळोखात, अगदी छोट्या आकृत्या आहेत, त्यांत बांधलेला कैदी. मूळ चित्र अंधारं आहे, छापील प्रतीत त्या आकृत्या हरवूनच जातात. मी बरीच वर्षं हे चित्र ‘भव्य निसर्ग’ म्हणून शिकवत होते. मग एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘खाली ती माणसं कोण?’ त्या दिवसापासून बुरुजाचा अर्थ माझ्यासाठी बदलला. तो डोंगर भव्य आहे हे खरंच, पण ती त्या माणसाच्या कोठडीची भिंत आहे.

ज्या चित्रासाठी मी तुम्हाला एवढं लांबलचक लिहायला बसले ते इंग्रज निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलचं ‘हॅडली कॅसल’. थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे एसेक्सच्या किनाऱ्यावर तेराव्या शतकातल्या या किल्ल्याचे अवशेष आहेत. कॉन्स्टेबल तिथे १८१४ मध्ये गेला, वहीत पेन्सिलीने एक लहानसं रेखाटन केलं आणि तो विषय तसाच राहिला. १८१६ मध्ये त्याचं मरियाशी लग्न झालं. त्यांना सात मुलं झाली. नोव्हेंबर १८२८ मध्ये मरिया क्षयाने गेली. त्यानंतर काही महिन्यांतच त्याने चौदा वर्षांपूर्वीचं ते रेखाटन काढलं आणि त्यावरून सुमारे चार फूट उंच, साडेपाच फूट रुंद तैलचित्र केलं. १८२९ मध्ये ते ‘वादळी रात्रीनंतरची सकाळ’ अशा उपशीर्षकासह प्रदर्शनात लागलं.

त्याआधी त्याने त्याच आकाराचं एक कच्चं तैलचित्र केलं होतं. ते लंडनच्या टेट गॅलरीत आहे आणि मी त्याच्यासमोर अर्धा दिवस काढलाय. दोन हातांवरून बघितलं तर किल्ला दिसतच नाही. जाड, करडा, तपकिरी रंग, त्यावर पांढऱ्याचे तुटक फटकारे, खडबडीत साल सोलल्यासारखे. चार पावलं मागे गेलं की डाव्या बाजूचा बुरूज उभा राहतो, वरून खालपर्यंत फाटलेला. त्यापलीकडे दुसरा बुरूज, दूर आणि लहान. उजवीकडे जमीन संपते आणि नुसतं पाणी, नुसता उजेड. पायथ्याशी एक मेंढपाळ आणि त्याचा कुत्रा. बस्स.

पुस्तकं म्हणतात, दोन भग्न बुरूज म्हणजे कॉन्स्टेबलचं विधुरपण. असेल. मी तसं ठामपणे सांगणार नाही, कारण चित्रकाराच्या मनाचा इतका सरळ हिशोब मांडता येत नाही. पण त्या मेंढपाळाबद्दल मी बोलू शकते. तो किल्ल्याकडे बघत उसासे टाकत नाही. त्याला किल्ल्याचं काही वाटत नाही, जसं चारशे वर्षांपूर्वी लुझिन्यानच्या नांगऱ्याला वाटत नव्हतं. पण तिथे किल्ला अख्खा होता, म्हणून त्या न बघण्यात सत्ता होती. इथे किल्ला फाटलाय, म्हणून त्याच न बघण्यात एकटेपण आहे. सकाळ झाली, जनावरं चरायला काढायची आहेत, कामं थांबत नाहीत. ज्याच्या घरात कोणी गेलंय त्याला ही सकाळ माहीत असते.

इथवरचं सांगायचं तर असं: अख्ख्या किल्ल्याखाली कष्टकरी दिसला तर मालकी, काळोखी वाट दिसली तर मुक्काम, कैदी दिसला तर कोठडी, पडक्या किल्ल्याखाली रोजचं काम करणारा माणूस दिसला तर गेलेला काळ. ही यादी पाठ करू नका. शतक बदलतं, देश बदलतो, आणि चित्रकार ती जागा जाणत होता की नुसता प्रवासी होता यानेही फरक पडतो. ऱ्हाइन नदीकाठचे किल्ले घ्या. १६८९ च्या सुमारास फ्रेंच फौजांनी त्यांतले बरेच उद्ध्वस्त केले. शतकभराने इंग्रज चित्रकारांना त्यांत गूढ सौंदर्य दिसलं, जर्मनांना स्वतःचा हरवलेला इतिहास दिसला. ते इतकं मनावर घेतलं गेलं की कोब्लेन्झजवळचा श्टोल्झेनफेल्सचा पडका किल्ला प्रशियाच्या युवराजाने पुन्हा बांधायला घेतला आणि १८४२ मध्ये, तोवर तो राजा झाला होता, तिथे राहायला आला. भग्न किल्ल्याच्या ओढीतून नवा किल्ला उभा राहिला.

माझं म्हणणं पटत नसेल तर थॉमस कोलची जोडचित्रं बघा, १८३८ ची. कोल इंग्लंडमध्ये जन्मला, सतरा-अठराव्या वर्षी अमेरिकेत गेला, आणि जिथे एकही मध्ययुगीन किल्ला नाही तिथे बसून त्याने किल्ला रंगवला. पहिल्या चित्राचं नाव ‘भूतकाळ’: किल्ला दिमाखात, खाली मैदानात सरदारांची भाल्यांची झुंज, गर्दी, झेंडे. दुसरं ‘वर्तमान’: तोच किल्ला, तीच जागा, सगळं ढासळलेलं, आणि मैदानात एक एकटा गुराखी. दोन्ही शेजारी ठेवून आधी मैदानांची तुलना करा, बुरुजांची नंतर. मी तर म्हणेन, दुसऱ्या चित्रात कोलने किल्ला अख्खा ठेवला असता आणि मैदान तेवढं रिकामं केलं असतं, तरी गोष्ट कळली असती.

टर्नरचं ‘नॉरम कॅसल, सूर्योदय’ या सगळ्याच्या पलीकडे जातं, म्हणून त्याचं दोनच ओळीत. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर ट्वीड नदीकाठचा हा किल्ला त्याने १७९७ मध्ये पहिल्यांदा पाहिला आणि आयुष्यभर पुन्हा पुन्हा काढला. शेवटचं, १८४५ च्या सुमाराचं चित्र अपुरंच राहिलं आणि त्याच्या हयातीत कोणी पाहिलं नाही. त्यात किल्ला म्हणजे धुक्यातला एक निळसर डाग आहे आणि पायथ्याशी पाण्यात एक गाय. सीमेवर लढायांसाठी बांधलेला किल्ला, आणि पुढे गाय शांतपणे पाण्यात उभी. जलरंगवाल्यांनी हे चित्र रोज बघावं असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा चिकटवलेला किल्ला. चित्र न बघता सांगतेय, त्यामुळे थोडं अंदाजाने. बहुतेकांच्या बाबतीत होतं ते असं: आकाश झालं, डोंगर झाला, कागद वाळला, मग त्यावर बारीक ब्रशने किल्ला ‘बसवला’. कडा सगळीकडे सारख्या धारदार, रंग डोंगरापेक्षा वेगळाच तपकिरी, खिडक्या काढलेल्या, झेंडासुद्धा. डोळ्याला लगेच कळतं की हा नंतर आलाय.

मी डोंगर आणि किल्ला एकाच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एकाच सलग हातात, घेते. कोबाल्ट निळा आणि लाइट रेडचं करडं मिश्रण, मोठा ब्रश, डोंगराच्या उताराने वर न्यायचा आणि न उचलता बुरुजाची वरची कड काढूनच थांबायचं. किल्ला त्याच डोंगराच्या दगडाचा असतो, मग रंगही त्याच थेंबातला हवा. कागद ओला असतानाच तळाशी, जिथे भिंत जमिनीत शिरते, तिथे स्वच्छ पाण्याचा एक थेंब सोडते. रंग तिथे पसरतो आणि पाया डोंगरात विरघळतो. धारदार कड फक्त उजेडाकडच्या एका बाजूला ठेवायची. खिडक्या काढायच्याच असतील तर एक, फार तर दोन, त्याही वॉश अर्धवट सुकताना. पडका बुरूज असेल तर चीर ब्रशने रेघ मारून काढू नका, ती जागा कोरडी सोडा आणि मागचं आकाश त्यातून दिसू द्या.

आणि हे सगळं करायच्या आधी खालचं ठरवा. कागदावर दोन इंचांचे पाच-सहा चौकोन आखा. प्रत्येकात डोंगर तोच, किल्ला तोच, एवढासा. फक्त पायथा बदला. एकात नांगर, एकात रिकामी वाट मध्येच झाडीत शिरणारी, एकात शेळ्या, एकात कोणीच नाही, नुसतं पाणी. वाट काढलीत तर ती दारापर्यंत पोचते की मध्येच हरवते, हे निम्मं चित्र ठरवतं. ज्या चौकोनापाशी तुम्ही स्वतः थबकाल तो मोठा करा.

शेवटचं एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. तुमच्या आसपास कॅसल नाहीत आणि तुम्ही फोटोंवरून काढताय. सरावाला ठीक. पण राजगडाखाली गुंजवण्यात एक दिवस बसा. बालेकिल्ल्याकडे पाठ करून, आधी भाताची खाचरं काढा, तिथे जो कोणी काम करत असेल तो काढा, नंबर दोनच्या ब्रशच्या एका ठिपक्यात. मग मान वळवून वर बघा.